ओवा, सैंधव आणि...

परबबाई गेल्याचं कळलं तेव्हा पार्ल्याच्या आमच्या हस्तलिखित ग्रंथालयात मी एका पोथीचा रुमाल सोडून बसलो होतो. फोन त्यांच्या भाच्याचा होता. "आत्या गेली," एवढंच तो बोलला. लगेच निघायला हवं होतं, पण हात पुन्हा पानांकडे वळले. उघडलेली पोथी पानं मोजून, बांधूनच उठायचं, हा बाईंचा नियम. पानं मोजली, गाठ मारली आणि मग जिना उतरलो. उशिरा पोचलो म्हणून त्या रागावल्या नसत्या. गाठ न मारता गेलो असतो तर मात्र माझी खैर नव्हती.

बाई आमच्याकडे आल्या त्या टायपिस्ट म्हणून. वडील गिरणीत, घर मुलुंडच्या चाळीत. कार्डं टाइप करता करता मोडी शिकल्या आणि पुढे भल्याभल्या प्राध्यापकांच्या वाचनातल्या चुका काढू लागल्या. कुणीही माळ्यावरचं बोचकं घेऊन यावं आणि बाईंनी त्याला त्याच्याच पणजोबांचं अक्षर वाचून दाखवावं. ग्रंथालय त्यासाठी असतं, असं त्यांचं म्हणणं. नुसतं कपाटाला कुलूप काय, वॉचमनही लावतो, म्हणायच्या. त्यांची आणखी एक खोड होती. पोथीच्या कार्डावर सगळं शाईने लिहायच्या, पण 'अपूर्ण' हा शब्द तेवढा पेन्सिलीने. पानं कुठेतरी असतातच, यावर त्यांचा विश्वास होता.

अशा अपूर्ण पोथ्यांतली एक गुरांच्या औषधांची. कोकणातल्या एका घरातून आलेली, बत्तीस पानांवर तुटलेली. शेवटची ओळ होती, 'बैलाचे पोट फुगल्यास ओवा, सैंधव आणि'. बस्स. पुढे काय ते कुणालाच ठाऊक नाही. चहा पिता पिता बाई मध्येच विचारायच्या, "ओवा, सैंधव आणि काय रे?" मी कधी सुंठ म्हणायचो, कधी मिरी. "तुझा बैल मेला," म्हणून त्या कामाला लागायच्या.

मग छापील सूची काढायचं ठरलं आणि आमच्या चिटणीसांनी अपूर्ण पोथ्या सूचीतून वगळून खोक्यांत भरायचं फर्मान काढलं. बाई एरवी समितीपुढे गप्प असत. त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देवांवर पोथ्या ढिगाने आहेत. बैलावर किती आहेत, ते सांगा मला." चिटणीसांनी उरलेली पानं शोधायला सूची छापायला जाईपर्यंतची मुदत दिली.

खरं तर बाकीची पानं कुठे आहेत ते बाईंना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. भाऊ वेगळे झाले की तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर घरची पोथीही वाटून घेतात, हे त्यांनी स्वतःच्या गावी पाहिलं होतं. पोथी देणाऱ्याच्या चुलतघराण्याचा माग काढत त्या दहिसरला, नाक्याजवळच्या एका चाळीत पोचल्या. तिथल्या आजीच्या देवघरात लाल फडक्यातलं पुडकं होतं. तीन पिढ्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, सोडून कुणीच पाहिलं नव्हतं. देव सोडायचा नसतो, म्हणून आजीने नकार दिला. बाईंनी वाद घातला नाही. त्यानंतर दर दसऱ्याला त्या जायच्या, पाया पडायच्या, चहा घ्यायच्या आणि परत यायच्या. मुदत मिळाल्यावर तरी एकदा मागा, असं मी चिडून म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. शेवटच्या भेटीत, हॉस्पिटलच्या खाटेवर, आवाज पार खोल गेला असतानाही त्यांनी मला विचारलं, "ओवा, सैंधव आणि...?" मी पुन्हा सुंठच म्हणालो. आजही त्याचं वाईट वाटतं.

बाईंच्या तेराव्यानंतर आठवड्याभराने, त्या गेल्याचं कानावर आल्यावर, दहिसरच्या आजी नातीचा हात धरून आमचा जिना चढून आल्या. छातीशी ते पुडकं. सूची छापायला जायला चार दिवस उरले होते. "बाई दर दसऱ्याक इली, पाया पडली, चाय पिवन गेली," त्या म्हणाल्या. "परत कदी मागूक नाय. आता कोण येतला? म्हणान मीच घेवन इलंय."

आजींनी स्वतः गाठ सोडली. वरच्या पानावर कुंकवाचा डाग, त्याखाली आकडा तेहेतीस. मी मोठ्याने वाचलं, 'हिंग ताकातून पाजावे.' हसू आलं. हिंग! इतक्या वर्षांत ते माझ्या तोंडून एकदाही आलं नव्हतं. एकसष्टाव्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव होतं, समाप्तीची खूण होती. इतकी वर्षं बैलांच्या औषधांची पूजा केली, हे ऐकून आजींनी पानांना हात लावून नमस्कार केला. मग म्हणाल्या, आता दोन्ही वाटण्या एकाच फडक्यात ठेवा.

तसंच केलं. आजींचं लाल फडकं, एकसष्ट पानं, मोजून. मग बाईंचा खण उघडला. झिजून बोराएवढा झालेला त्यांचा खोडरबर तिथेच होता. कार्डावरचा पेन्सिलीचा शब्द मी खोडला, फुंकर मारली आणि त्या जागी त्यांच्याच पेनाने, शाईने लिहिलं: पूर्ण.

खणात पेन्सिलीने 'अपूर्ण' लिहिलेली आणखी कार्डं आहेत. खोडरबर मी परत तिथेच ठेवला आहे.