धुराडं

काल शेजारी कुणीतरी ओली लाकडं पेटवली आणि त्या धुराच्या वासासरशी मला डोंगरातल्या पासली गावातलं एक घर आठवलं. माझे वडील भोर संस्थानात इंजिनिअर होते. माझ्या आजीचे डोळे चुलीच्या धुराने गेले होते, म्हणून त्यांनी पत्र्याचं धुराडं असलेली चूल तयार केली आणि ती डोंगरातल्या घराघरांत बसवण्याचा हुकूम दरबाराकडून मिळवला. वर्षभराने, पेरणीच्या तोंडावर, ते चुली पाहायला निघाले तेव्हा मीही बरोबर गेले. पासलीच्या त्या घरातल्या म्हातारीने चुलीवर टांगलेला, पेंढ्यात बांधलेला भाताच्या बियाण्याचा मुडा सोडला, तर आतून नुसता भुसा गळला. "धुरानं कीड लागत न्हवती, सायेब," ती म्हणाली. "माजं डोळं लई निवलं हुतं. पन आता पेरू काय?" नवं बियाणं पाठवतो म्हणत वडिलांनी स्वतःच्या हातांनी धुराडं उखडलं. खोली धुराने भरली. वाहते डोळे पुसत ती त्यांचीच समजूत घालू लागली, "आमाला सवय हाय. तुमी भाईर बसा." आम्ही घरी पोचलो तेव्हा आजीने पावलांचा आवाज ओळखून विचारलं, "बसल्या का रे चुली सगळीकडे?" वडील म्हणाले, "बसल्या, आई." बाळांनो, ते ऐकून हसलेला तिचा चेहरा मला अजून दिसतो.