मी उडवलेले तीन शब्द

मंडळी, हे लिहितानाही मी सारखा मोबाईल बघतोय.

शेजारची रेखा नर्सिंगला लागलीय. आईबाप ऊसतोडीला गेलेत, म्हणून सकाळी तिनं कॉलेजला पाठवायचा मेल माझ्याकडून तपासून घेतला. होस्टेलची चौघींची खोली पसंत आहे का, ते आज इंग्रजीत कळवायचं होतं. रेखानं लिहिलं होतं, मी रिअली, ट्रूली, जेन्युइनली समाधानी आहे.

बातम्या तपासताना असे शब्द मी आधी उडवतो. इथंही उडवले. उरलं नुसतं, 'मी समाधानी आहे.'

दुपारी उत्तर आलं. 'तुमचं उत्तर कोरडं वाटलं. नाराज असाल तर स्पष्ट सांगा. यादीत दुसरी मुलगी थांबली आहे.'

मी रेखाला बोलावून ते दाखवलं.

"काका, काय केलं हो तुमी? उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत आमी सहा जण झोपतो. मला ती खोली लई मोठी हाय!"

"मग आता तूच लिही."

तिनं तिन्ही शब्द परत घातले. वर एक 'व्हेरी' जोडला.

"लई झालं का, काका?"

"असू दे. पाठव."

ऑफिस पाचला बंद होतं. साडेचार वाजलेत, उत्तर नाही. खरं सांगा, तुम्ही ते शब्द ठेवले असते का?