ओल्या बाहीच्या मॅडम

फ्लुइड मेकॅनिक्स शिकवणाऱ्या आमच्या मॅडमच्या ड्रेसची उजवी बाही कायम कोपरापर्यंत ओली असायची. प्रयोगशाळेतला पंप सुरू झाला की त्यांचा हात पाण्यात गेलाच म्हणून समजा. आम्हालाही त्या धारेसमोर तळहात धरायला लावायच्या. "आधी हाताला विचारा, मग सूत्राला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या रोह्याहून गाडीने पेणला यायच्या. घरातून स्टेशनकडे येताना कालव्यात एक पान टाकून त्याच्याबरोबर चालायची त्यांना सवय होती. वर्गात शिरताच निकाल सांगायच्या, "आज पान जिंकलं. कालव्याला पाणी वाढवलंय." आणि लगेच फळ्याकडे वळून, "पण पान फक्त वरच्या पाण्याचं सांगतं हं. तळाला काय चाललंय?" तळाचा वेग काढता काढता तास कधी संपायचा ते कळायचं नाही.

मला मात्र हा विषय सुटत नव्हता. दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा राहिले असते तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नव्हता, आणि काकांनी रामवाडीतल्या एका दुकानात माझ्यासाठी काम बघून ठेवलं होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे "झालं तेवढं खूप झालं" असं काका म्हणायचे.

परीक्षेच्या महिनाभर आधी तोंडी परीक्षा झाली. उभ्या दाराला वरच्या कडेपर्यंत पाणी लागलंय, तर पाण्याचा एकूण जोर दारावर कुठे धरायचा, असं मॅडमनी विचारलं. मी म्हणाले, "मधोमध."

"गाव कुठलं तुझं?"

"धरमतर खाडीच्या काठी, मॅडम. बाबा मिठागरावर असतात."

"म्हणजे गावाला बांध आहे. आणि बांधाला उघाडी?"

"आहे. बाबाच बघतात ती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "उघाडीच्या घरातली मुलगी मला मधोमध सांगते? उधाण कधी आहे? मी येते बघायला."

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. लहानपणापासून मी त्यावर बसून पाय हलवले होते. ते पुस्तकात असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

अमावस्येला दुपारी मॅडम खरोखरच आल्या. चपला हातात, बाही वर. भरती चढत होती. बाबा अवघडून उभे होते. मॅडमनी दाराच्या आडव्या पट्टीवर हात ठेवला. "ही मध्ये का नाही मारली?"

"मधी मारून काय उपेग नाय. पाणी खाली जास्त रेटतंय," बाबा म्हणाले. "तीन हात दार, तं वरून दोन हात सोडायचं न् मग पट्टी. माझा बापूस तसाच करायचा."

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "वरून दोन तृतीयांश. ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. दोन वर्षं जे पाठ होत नव्हतं, ते आमच्या दाराला खिळे ठोकून बसवलेलं होतं.

"आणि पाणी दाराच्या वर चढलं तर?" मॅडमनी बाबांना विचारलं.

"जोर जरा वर सरकंल. पण मधी नाय येनार." बाबा आता खुलले होते. "काय गो, ह्ये नाय शिकवत तुमाला?"

"शिकवतात, बाबा. मीच विचारलं नव्हतं."

आई चहा घेऊन आली. मॅडमची बाही बघून म्हणाली, "बाय, भिजलाव की. पोरीपायी केवढा तरास." मॅडम म्हणाल्या, "मला रोजच असतो हा."

परीक्षेत दाराचं गणित आलं. तीन मीटर उंच दार, वरची कड पाण्याखाली एक मीटर. मी आधी डोळे मिटून उघाडी पाहिली, मग सूत्र लिहिलं. जोर दाराच्या वरच्या कडेपासून एक पूर्णांक आठ मीटरवर आला. दोनवरून जरा वर सरकलेला, पण मध्ये न आलेला. बाबा म्हणाले होते तस्साच. पेपर संपायच्या आत मला कळलं होतं की मी सुटले.

निकाल लागला तेव्हा मॅडम निवृत्त होऊन रोह्यालाच होत्या. पेढे घेऊन गेले तर कालव्याकाठी भेटल्या. पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "एक बाबांना दे. अर्धा पेपर त्यांचा होता." मग माझ्या हातात एक पान दिलं. आम्ही दोघी त्या पानाबरोबर स्टेशनच्या रस्त्यापर्यंत चाललो. पान जिंकलं. त्या तिथूनच वळल्या.

आज मी बांधांच्याच कामावर आहे. नव्या उघाडीचं माप घ्यायला गेले की सोबतचे लोक टेप काढतात. मी आधी बाही वर करते. ती तरीही भिजतेच.