शेपटीसाठी सोडलेली जागा

आमच्या चिमूरच्या स्टुडिओत फोटो हे काढायचे आणि कापायची मी. हे म्हणजे माझा नवरा. समोरच्या खोलीत पडदा, स्टूल, दिवे, आरसा, ते सगळं त्यांचं. मागच्या खोलीत लाल बल्ब, औषधाचे ट्रे आणि एन्लार्जर, ते माझं. निगेटिव्हची सावली खाली कागदावर पडली की चार बाजूंच्या चार पट्ट्या सरकवून मी ठरवायची, काय ठेवायचं आणि काय उडवायचं. नवरीच्या मागे उभं राहून नाकात बोट घालणारे मामे मी किती लग्नांतून हाकलले असतील! आणि लोक म्हणायचे काय, तर भाऊचा हात लय भारी. आणि हे, म्हणजे लोकांचे भाऊ, मिशीतल्या मिशीत हसून घ्यायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यांचा कायदा एकच, जे असेल ते मंधात, म्हणजे बरोब्बर मधोमध. नवरी मंधात, नवरदेव मंधात, विम्याच्या फोटोतली म्हैससुद्धा मंधात. आणि माणसाचे पाय कापायचे नाहीत, कारण पाय कापलेला फोटो गिऱ्हाईक परत आणून टेबलावर आपटायचं. मला कॅमेरा हवा होता, लग्न लागल्यापासून हवा होता. मागितला की हे म्हणायचे, दोघंही बाहेर गेलो तर फोटो धुणार कोण? मी पुन्हा ट्रेकडे वळायची, पण पटायचं नाही.

गावात टीव्ही नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. जंगलखात्याचे एक रेंजर साहेब होते, पाखरांचे भारी शौकीन. विश्रामगृहाच्या हॉलमध्ये लावायला त्यांना दूधराजचा मोठा फोटो पाहिजे होता. दूधराजचा नर पांढराफेक, डोकं तेवढं काळं तुऱ्याचं, आणि शेपटीला हातभर लांब दोन फिती. नाल्याकाठच्या बांबूत त्याचं घरटं सापडलं होतं. हे मोठ्या ऐटीत गेले आणि रोल संपवून आले.

मी रोल धुतला आणि मला हसूच आवरेना. प्रत्येक फोटोत पाखरू अगदी मंधात, डोळा कसा टपोरा, आणि शेपटी खालच्या कडेला कचकन कापलेली. कॅमेरा आडवा धरलेला, मग शेपटी मावणार कुठं? बिनशेपटीचा दूधराज म्हणजे टोपी घातलेला बगळा. म्हटलं, म्हशीचे खूर कापत नाही तुम्ही, अन् याची शेपटी कापून आणली! यांचा पारा चढला. एवढं येते तर तूच काढ, म्हणाले. मी तिथल्या तिथं शब्द धरला. उद्या सकाळी मीच काढते.

जेवणापर्यंत हे नरमले. काम सरकारी आहे, बिघडलं तर साहेब पुन्हा दारात उभं करणार नाहीत, पिलं उडायला आली, एकदा घरटं सुटलं की संपलं. सगळं खरं होतं. पण मलाही माहीत होतं, हा फोटो माझ्या हातून गेला तर कॅमेरा पुन्हा काही माझ्या हाती लागत नाही. म्हटलं, होऊ द्या काय व्हायचं ते. मी मागे हटले नाही.

सकाळी घरट्यापासून चांगलं लांब, दोन बांबूंना माझं हिरवं लुगडं बांधलं आणि त्याच्या आड आम्ही बसलो. पहिली जागा यांनी निवडलेली होती, सपाट, सावलीची. पण तिथून पाखरामागे सगळं आभाळ दिसायचं. आमच्या समाजातली लग्नं पांढऱ्या कपड्यांत. पांढरी साडी, पांढरा सदरा, मागे विहाराची चुना दिलेली भिंत. त्या पांढऱ्यातून साडीच्या निऱ्या उठून दिसाव्यात म्हणून मी अंधाऱ्या खोलीत वर्षं घालवली होती. पांढऱ्याच्या मागे काळोख पाहिजे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून लुगड्याचा आडोसा घेऊन मी सरकत सरकत काटेरी झुडपात जाऊन बसले, मागोमाग हे. तिथून मागे बांबूची गच्च सावली आली. मुंग्याही आल्या. येऊ दे.

कॅमेरा उभा धरला. घरटं अगदी वर घेतलं आणि खाली सगळं रिकामं सोडलं. यांनी एकदा डोळा लावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. अर्धा फोटो खालीच हाये, कानाशी पुटपुटले, थोडं मंधात घे ना. मी म्हटलं, गप्प बसा.

आधी मादी येऊन बसली. ती तांबूस, शेपटी आखूड. हे कोपरानं ढोसायला लागले, बटण दाब म्हणून. रोल एका लग्नातून उरलेला होता, त्यात मोजकेच फोटो शिल्लक होते. मी दाबलं नाही. पाय बधिर झाले, घाम डोळ्यांत उतरला, शेजारी यांचे उसासे.

मग मादी उडाली आणि तो आला. घरट्यावर बसला, मान वळवली, आणि त्याची शेपटी त्या सगळ्या रिकाम्या जागेतून सरळ खाली उतरली, टोकाशी वाऱ्यानं जराशी वळली. कडेला एक बोट जागा शिल्लक होती. मी दाबलं. पुन्हा एकदा दाबलं. तो मजेत बसून राहिला.

घरी येऊन निगेटिव्ह लावली आणि सवयीनं हात पट्ट्यांकडे गेला. सरकवायला काहीच नव्हतं. चारही पट्ट्या पार कडेला लोटून दिल्या. ट्रेमध्ये कागदावर आधी बांबूची सावली उमटली, मग काळं डोकं, आणि त्या काळोखात शेपटी पांढरीच्या पांढरी राहिली, एकेक पीस मोजून घ्या. मला रडूही आलं आणि हसूही. हे मागे येऊन उभे होते. मग म्हणाले, "खालून जरासं..." आणि थांबले. "नाई. काईच कापू नको."

विश्रामगृहात फोटो लागला. खाली नाव कुणाचं लिहायचं, असं साहेबांनी विचारलं, तर यांनी माझं सांगितलं. पण ते घरातलं कौतुक झालं.

दिवाळीनंतर जवळच्या खेड्यातला एक बाप मुलीचं लग्न ठरवून स्टुडिओत आला. यांनी लगेच अल्बम पुढे केला. त्यानं उघडलासुद्धा नाही.

"तुमी नाई, भाऊ. ते पाखरूवाली बाई पाहिजे. आमच्या पोरीचं लगन त्याईच्याच हातून काढाचं हाये."

हे खुर्चीवरून उठले, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाले, "बाहेर ये. तुले बोलावून राह्यले." मी ओले हात पदराला पुसले आणि लग्न कुठं आहे ते विचारलं. त्या लग्नात कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि फ्लॅश धरून उभे होते हे.