तीन भोकांचं ताट

कंट्रोलर गेले हे मला पोह्यांच्या कढईपाशी कळलं. सकाळच्या पोलादपूर गाडीचा ड्रायव्हर रोज माझ्या खानावळीत नाश्ता करतो. त्या दिवशी तो आत आलाच नाही. दारात उभा राहून म्हणाला, "वैनी, तांबेसाहेब गेले. पहाटे, झोपेतच." मी गॅस बंद केला, बसलेल्या गिऱ्हाइकांना वाढलं, हात पुसले आणि त्यांच्या गावी, तुडीलला जायला निघाले. रडायचं राहून गेलं. त्यांची काही तक्रार नसती. गाडी सुटायच्या वेळी कोणी दारात गळ्यात गळे घालून उभं राहिलं, की ते माइकवरून म्हणायचे, "निरोप घरून घेऊन यावा, इथे फक्त गाडीत बसावं."

शांताराम तांबे महाडच्या स्टँडवर आधी कंडक्टर होते, नंतर वाहतूक नियंत्रक झाले. नियंत्रक हा शब्द कोणाच्या तोंडात बसला नाही, म्हणून ते सगळ्यांचे कंट्रोलर. आमच्या ह्यांचे ते मित्र, त्यामुळे मी त्यांची वहिनी. कोर्टाच्या मागे माझी खानावळ आहे, तिथे ते दुपारी जेवायला येत आणि पहिला घास घेतला की निकाल देत. "मीठ कमी." किंवा, "आज बरोबर." याच्यापुढे कौतुक नाही. मार्च महिन्यात चवदार तळ्यावर माणसं लोटतात तेव्हा जादा गाड्यांची घोषणा करून त्यांचा घसा बसायचा, आणि ड्यूटी संपली की हा माणूस घरी जायच्या ऐवजी तळ्याच्या कडेला पाणी वाटत उभा राहायचा. त्यांचे वडील, आजोबा तुडीलच्या बौद्धवाडीतले, याच तळ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेले. त्याबद्दल ते फार बोलत नसत. "पाणी झालं सगळ्यांचं," एकदा जेवता जेवता म्हणाले, "आता पुढचं स्टेशन कुठलं, ते बघायला पाहिजे."

पुढचं स्टेशन त्यांना निवृत्तीनंतर सापडलं. त्यांचा पुतण्या आखातात बांधकामावर होता. तो सुट्टीवर आला तेव्हा माझ्याकडेच दोघं जेवायला बसले होते. पुतण्या सांगत होता, की एकाच मजल्यावर, एकाच उन्हात पाच देशांची माणसं सिमेंट ओढतात आणि पगार मात्र पासपोर्ट बघून ठरतो. कंट्रोलरांचा घास हातातच राहिला. "म्हणजे कुठल्या स्टँडवर जन्मलो, त्यावर तिकीट?" एवढंच विचारलं. पुढच्या आठवड्यात ते जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणि त्यांचा कंडक्टरकीचा चिमटा घेऊन आले. जुन्या कंडक्टरांकडे तिकीट टोचायला असायचा तो, गाडीभर टिकटिक करणारा. पत्रिकांचे तुकडे करायचे, त्यांना भोकं पाडायची, टोपलीत टाकायचे आणि येणाऱ्याने डोळे मिटून एक उचलायचा. एक भोक आलं तर नुसती पेज. दोन आली तर वरण-भात. तीन आली तर भाजी, वडे, खीर, सगळं भरलेलं ताट. एका भोकाचे तुकडे ढीगभर, तीनचे मोजके. जगात असंच वाटप आहे म्हणाले. चिमटा पुन्हा वाजेपर्यंत कोणी कोणाला द्यायचं नाही, मागायचं नाही. वाजला की सगळी पातेली सगळ्यांना खुली, आणि मग बोलायचं. कुठल्या देशात चहाच्या मळ्यांत कोण राबतं आणि चहा कोण विकतं, आपल्या अंगातला शर्ट कोणी शिवला, समुद्र वर आला तर आधी कोणाचं गाव जातं, असलं.

मी विचारलं, स्वयंपाक किती माणसांचा करू? म्हणाले, "जेवढी येतील तेवढ्या सगळ्यांचा. पूर्ण ताटांचा." मला वाटलं त्यांचा हिशेब चुकतोय. पेज पिणाऱ्यांसाठी खीर कशाला शिजवायची? ते म्हणाले, "वहिनी, मुद्दाच तो आहे. कमी कुठेच नाय. कमी फक्त वाढण्यात हाय."

पहिली पंगत तळ्याजवळच्या हॉलमध्ये झाली आणि साफ फसली. बायकांनी चिमट्याची वाट न बघता शेजारणीच्या वाटीत वडे टाकले. एका वकीलसाहेबांना पेज आली, त्यांनी वाटी सरकवली आणि कारकुनाला पाठवून बाहेरून वडापाव मागवला. कंट्रोलर माइकवर शांतपणे म्हणाले, "महाडचे एक नागरिक विनापरवाना देशाबाहेर गेलेले आहेत." हॉल हसला, वकीलही हसले, पण वडापाव खाऊनच. तरीही पुढच्या वर्षी माणसं आली, त्याच्या पुढच्या वर्षी जास्त आली. टोमणे मारणारेही येत. "कंट्रोलर, आमच्या वाडीत उन्हाळ्यात टँकर नाय येत आणि तू आम्हाला आफ्रिका सांग." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "गाडी महाडला लेट आली तर महाडला शिव्या देऊन काय होतं? मागच्या स्टँडला फोन लावायला लागतो. मी तुला मागचा स्टँड दाखवतोय."

मग एका वर्षी ते म्हणाले, पंगत पोलादपूरच्या डोंगरात, तुमच्या माहेरच्या गावी घेऊ. मी लगेच हो म्हटलं नाही. माहेर म्हणजे आता माझा दादा, सदाशिव. गावातला मोठा शेतकरी, शाळेच्या कमिटीवर. आमच्या गावात कोणी कोणाला वाईट बोलत नाही. "आता तसलं काय रायलं नाय," असंच सगळे सांगतात. पण लग्नकार्यात बौद्धवाडीची पंगत शेवटी बसते. कोणी तसं सांगत नाही, कोणी लिहून ठेवलेलं नाही, ती माणसं आपली उशिराच येतात आणि त्यांना उशिराच यावं लागतं. अशा गावात चिठ्ठीवर ताट म्हणजे काय होऊ शकतं, हे मला स्वयंपाकघरातून दिसत होतं. आईवडील गेलेल्या बाईला माहेर म्हणून भावाचा एकच उंबरा असतो, आणि तो बंद झाला तर दुसरा मिळत नाही. कंट्रोलरांना हे कळत होतं. "नको तर नको म्हणा वहिनी, मी परत विचारणार नाय." त्यांनी आग्रह केला असता तर मी नाही म्हटलं असतं. केला नाही, म्हणून हो म्हटलं.

दादाला वाटलं, जगाच्या माहितीचा कार्यक्रम आहे, मुलांना चांगला. त्याने शाळेचं पटांगण झाडून घेतलं आणि सगळा तांदूळ घरचा दिला. वाडीची माणसं आली, वेळेवर आली, कारण चिठ्ठी उचलायला रांग एकच होती. आणि टोपलीतून दादाच्या हातात आलं एक भोक. त्याच्या समोरच्या ओळीत बसली होती वाडीतली इंदू, चौथीपर्यंत त्याच्याच वर्गातली, तिला आली तीन. नंतर मी कंट्रोलरांना सरळ विचारलं होतं, ही तुमची करामत का? ते दुखावले. "मी गाडी सोडतो. खिडकी कोणाला मिळते ते मी बघत नाय."

दादा पेजेकडे बघत बसला. मग उठून म्हणाला, "ही चिठ्ठी बदला. तांदूळ माझा हाय." मी खिरीचा डाव हातात धरून उभी. कंट्रोलरांनी माइक तोंडाशी नेला, पण आवाज स्टँडवरचा नव्हता, घरातला होता. "बरोबर हाय सदाशिवराव. तांदूळ तुमचा आणि पेजही तुमची. कोको पिकवतो त्याच्या पोरांनी चॉकलेट चाखलेलं नसतं, तसंच हे. मी नाय केलं, जगात असंच चाललंय." दादाला राग आला होता, पण तो शेतकरी आहे. भात विकताना आपल्याला काय मिळतं आणि शहरात तोच तांदूळ काय भावाने जातो, हे तो रोज बोलतो. तो खाली बसला. तेव्हा इंदू म्हणाली, "गरम हाय तवर पी सदा. थंड झाली की घशाखाली उतरत नाय, मला विचार."

आणि ती जेवली. वाडीतल्या दोन बायका तिला खुणावत होत्या, निदान खीर तरी ठेव त्याच्यासाठी, चिमटा वाजला की दे. तिने मान हलवली. "चिट्ठी माझी हाय गो." सावकाश, बोटं चाटून, ताट पुसून जेवली. तिची आई आमच्या खळ्यावर भात झोडायची आणि संध्याकाळी उरलेल्या पेजेसाठी मागच्या दाराशी उभी राहायची. मला आठवलं. दादालाही आठवलं असणार, कारण त्याने वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. चिमटा वाजला तेव्हा सगळे पातेल्यांकडे उठले आणि तो घरी गेला. माझ्याकडे बघितलं नाही. त्या भाऊबीजेला मला बोलावणं आलं नाही... मी गेलेही नाही. खानावळ चालू ठेवली. कंट्रोलर त्या दिवशी दुपारी जेवायला आले, ताटात ओवाळणीचे पैसे घातले, मुकाट्याने जेवले आणि मीठ जास्त होतं तरी काही बोलले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात दादाच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका आली, फोन नाही. मी गेले, आत्या म्हणून जायलाच हवं होतं. जेवणाची वेळ झाली आणि बघते तर पहिल्या पंगतीत वाडीची माणसं बसलेली, गावात मिसळून, जागा मिळेल तिथे. दोन-तीन म्हातारे उठून गेले. त्यांना कोणी थांबवलं नाही. दादा स्वतः भाताची बादली घेऊन वाढत होता. इंदूपाशी थांबला आणि चेहरा अजिबात न हलवता म्हणाला, "किती भोकांचं वाढू गो?"

"तीन," ती म्हणाली, "आणि पापड जादा."

या सगळ्याबद्दल दादा माझ्याशी आजवर एक शब्द बोललेला नाही. कंट्रोलरांचं नाव काढलं की अजूनही "तो टोच्या" म्हणतो. गाव काही एका लग्नात सुधारलं नाही, वाडीचा नळ अजून अर्धा दिवस कोरडाच असतो. पण त्यानंतर दर मार्चला पोलादपूरच्या गाडीच्या टपावर महाडच्या पंगतीसाठी तांदळाचं पोतं येतं, न सांगता.

यंदा कंट्रोलर गेले ते तळ्यावरच्या गर्दीच्या थोडं आधी. पंगत कोण घेणार, हे कोणी विचारत नव्हतं आणि मीही विषय काढत नव्हते. मला स्वयंपाक येतो, माइकवर बोलता येत नाही. त्यांचा मुलगा चिमटा घेऊन खानावळीत आला. "बाबा म्हणायचे, हा वैनींकडेच ठेवायचा." मी तो मसाल्याच्या डब्यांवरच्या खिळ्याला अडकवला. चार दिवसांनी दादाचा फोन. "पोतं टाकलंय गाडीत. मीपण येतोय, पत्रिका आणतो. लग्नातल्या उरल्यात." फोन ठेवला.

तर पंगत झाली. दारात दादा बसला होता, चिमटा घेऊन, दोन्ही हातांनी जोर लावून भोकं पाडत. इंदू माइकवर होती. ती कंट्रोलरांपेक्षा बरी बोलते, हे त्यांनाही मान्य झालं असतं. मी आत वळले तर दादाने टोपली आडवी धरली. "आधी चिठ्ठी." इतकी वर्षं मी स्वयंपाकीण म्हणून सुटले होते, सगळ्यांचं झाल्यावर उभ्याने जेवायचे. उचलली. तीन भोकं.

पेज पिणं सोपं असतं, कंट्रोलर म्हणायचे, खरी अवघड जागा भरल्या ताटाची. मला ते बोलायला म्हणून बोलणं वाटायचं. दोन्हीकडे वाट्या घेऊन बसलेली माणसं, मधे माझं ताट, आतल्या पातेल्यांत सगळ्यांना पुरेल एवढं मीच शिजवलेलं, आणि चिमटा वाजायला अवकाश. पहिला घास घेतला. वरणात मीठ कमी होतं. आजवर हे मला कंट्रोलरांशिवाय दुसऱ्या कोणी सांगितलेलं नव्हतं.

चिमटा परत खिळ्याला आहे. रोज सकाळी दुधाच्या पिशव्या मी त्यानेच टोचते, कात्रीपेक्षा बरा पडतो. टिक वाजलं की नाश्त्याला बसलेले जुने ड्रायव्हर-कंडक्टर हातातला घास धरून मान वर करतात, गाडी सुटतेय असं वाटून. मी सांगते, जेवा सावकाश, अजून वेळ आहे.