बागेत टांगलेली सीडी

शकुबाई पिंगळ्यांनी नवऱ्याचा तेरावा उरकला आणि लगेच कॉम्प्युटरवर एक गोरा धरला, ही बातमी पेठ रोडच्या गल्लीत पहिल्यांदा अंबूबाईंनी आणली. अंबूबाई समोरच्याच घरात राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शकुबाईंची जिन्याखालची खोली अर्धी दिसते, उरलेली अर्धी त्या स्वतःच्या डोक्याने भरून काढतात. दूधवाल्यापाशी तो नुसता गोरा होता, पिठाच्या गिरणीपर्यंत पोचता पोचता त्याला निळे डोळे आले, आणि संध्याकाळच्या आरतीला तर तो उन्हाळ्यात नाशिकला येणार हेही ठरून गेलं.

गोरा वगैरे काही नव्हता. म्हणजे पलीकडे कुणीतरी होतं, पण गोरं की काळं, बाई की बुवा, हे खुद्द शकुबाईंनाही ठाऊक नव्हतं. आणि त्याला त्यांनी धरलेलं नव्हतं. ते माणूस सावळीराम तात्यांचं होतं. तात्या गेले आणि ते मागे राहिलं.

तात्या म्हणजे शकुबाईंचे यजमान. एसटीत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी काही वर्षं शकुबाईंच्या शेवंतीला पाणी धरण्याचं सोंग केलं. मग जावई राजने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, तसे तात्या जिन्याखाली शिरले ते जेवणापुरतेच बाहेर यायचे. फोनची लाइन पुढच्या खोलीत होती आणि कॉम्प्युटर जिन्याखाली. तार ओढावी तर कॉम्प्युटरचं तारेचं भोक एका पावसाळ्यात विजेच्या झटक्याने जळालेलं. म्हणून तात्यांनी बाजारातून एक बिननावाचं वायरलेस कार्ड आणलं, बोटभर दांडी असलेलं, ते कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलं, आणि त्या दिवसापासून त्यांना जगाच्या पाठीवरचं कुणीतरी बुद्धिबळाला मिळालं. एका वेबसाइटवर हे खेळ चालायचे. आज आपण एक चाल खेळायची, समोरच्याने सवडीने उत्तर द्यायचं. एकेक डाव महिनोन्‌महिने रेंगाळायचा. शकुबाई दाराशी हार गुंफत बसायच्या आणि अधूनमधून मान वर करून म्हणायच्या, "तो उंट कशाला पुढं काढला? मरंल ना." तात्या म्हणायचे, "तू दोरा बघ." पट त्यांना तात्यांनीच शिकवला होता, घरात हरायला कुणीतरी हवं म्हणून.

दोन हजार नऊ साली, द्राक्षं भरत आली होती त्या दिवसांत, तात्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेताना ते एवढंच म्हणाले, "डाव राहिला." ते शब्द रिक्षाच्या आवाजात शकुबाईंनीच ऐकले. तात्या परत आले नाहीत. शकुबाईंनी कॉम्प्युटरवर चादर टाकली.

दहावा गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, झाला. पिंड मांडला, सगळे मागे सरले, आणि कावळा येईना. आसपास कावळे नव्हते असं नाही. समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते आणि दुसऱ्यांच्या पिंडांवर खुशाल उतरत होते. सावळीरामांच्या पिंडाकडे मात्र एकजण ढुंकून बघेना. राज पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "तात्या, मामींची काळजी करू नका, मी आहे." कावळा हलला नाही. शकुबाईंचा भाऊ झुंबर सायखेड्याहून आला होता, तो म्हणाला, "दाजी, अक्काला मी अंतर देणार नाय." तरी काही नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेव्हा शकुबाई उठल्या, पिंडापाशी गेल्या आणि हलकेच म्हणाल्या, "तुमचा डाव मी पुरा करीन."

भिंतीवरचा टोकाचा कावळा उतरला. पिंडाला चोच लावली आणि पाण्यावरून निघून गेला. सगळ्यांनी हात जोडले. अंबूबाईंनीसुद्धा.

शब्द तर दिला. आता तो पाळायचा म्हणजे कॉम्प्युटर लावायचा. तात्यांचा पासवर्ड फक्त तात्यांना माहीत आणि त्यांच्या त्या यंत्राला पाठ. दुसऱ्या कुठल्याही यंत्रावरून चाल खेळता येणार नव्हती. तेराव्यानंतर राज आला, चादर काढली, आणि जावयाने सासुरवाडीला जे करू नये ते त्याने केलं. उपयोगी पडायला गेला. "मामी, फार स्लो झालाय. नको असलेलं काढून टाकतो, मग आरामात खेळा." त्याने नको असलेलं काढता काढता हवं असलेलंही काढलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर कोपऱ्यातलं इंटरनेटचं चित्र गायब. कार्ड मागे जागेवर होतं, पण कॉम्प्युटरला ते कार्ड आहे हेच कळेना. त्याच्या नावासमोर एक पिवळं प्रश्नचिन्ह येऊन बसलं.

"म्हंजी काय झालं?" शकुबाईंनी विचारलं.

"ड्रायव्हर गेला, मामी."

"कोण गेला?"

"ड्रायव्हर म्हणजे ते कार्ड कसं चालवायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम. तो इंटरनेटवर मिळतो."

"मग घ्या ना."

"इंटरनेटवर जायला तोच लागतो."

"किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून," शकुबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला गेल्या.

राज नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेला. कार्डाला ना नाव ना गाव. त्याने अंदाजाने एक ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर आणला, तो कॉम्प्युटरने घेतला नाही. पुन्हा गेला, दुसरा आणला, तोही नाही. पण त्या दुसऱ्या खेपेला त्याने कॅफेत बसल्या बसल्या ती बुद्धिबळाची वेबसाइट उघडली. चाल खेळता आली नाही तरी चालू डाव कुणालाही बघता यायचा. परत आला तेव्हा तो दारातच उभा राहिला. चप्पल काढायचं भान त्याला नव्हतं.

"मामी, डाव पुढे गेलाय."

"त्यानं चाल केली असंल."

"त्याने केलीच. पण आपणही केलीय. तात्यांच्या बाजूने दोन चाली झाल्यात."

"कवा?"

"एक दहाव्याच्या दिवशी. दुसरी तेराव्याला."

त्या दोन्ही दिवशी कॉम्प्युटरवर चादर होती. ती शकुबाईंनी स्वतःच्या हाताने टाकली होती, चारी टोकं खोचून, आणि राजने काढली तेव्हा टोकं तशीच होती. जिन्याखालच्या खोलीत शेवंतीचा वास होता, नेहमीचाच, टोपल्या तिथेच असायच्या. तरी शकुबाई त्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबल्या. खुर्ची जराशी वळलेली होती, तात्या उठताना वळायची तशी. राज बसून गेला होता, त्यानेच वळवली असणार. त्यांनी त्याला विचारलं नाही.

"आणि समोरच्याने खाली लिहिलंय," राज म्हणाला. "चाल छान होती म्हणून."

"आता कुणाची पाळी?"

"आपली. रविवारी दिवस मावळेपर्यंत खेळलो नाही, तर आपली वेळ संपली असं धरून वेबसाइट डाव बंद करणार. म्हणजे अर्धाच."

शकुबाईंना हे बरोबर समजलं. शब्द गंगेवर दिलेला होता आणि घेणाऱ्याने तो घेतला होता. डाव अर्ध्यात बंद पडला तर तात्या नेमके कुठे अडकून राहतील, ते त्या खोलीकडे बघून त्यांना दिसतच होतं.

कार्डाबरोबर एक सीडी आली होती हे त्यांनाच आठवलं. लहानशी, तळहाताएवढी. तात्यांनी ती बाकीच्या सीड्यांच्या डब्यात टाकली होती. आणि तो डबा? डबा तेराव्याला झुंबर घेऊन गेला होता. सायखेड्याला त्याची द्राक्षबाग. हंगाम आला की तो नात्यागोत्यातल्या रद्दी सीड्या गोळा करून बागेत टांगतो, लखलखाटाला पाखरं बिचकतात म्हणून. "नायतरी आता कोण वाजवणार," असं म्हणत शकुबाईंनी तो डबा आपल्या हाताने भावाच्या पिशवीत घातला होता.

रविवारी सकाळच्या गाडीने त्या सायखेड्याला गेल्या. झुंबर बागेच्या बांधावर भेटला, आणि बहीण सीडी शोधायला आली म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला.

"अक्के, अगं साऱ्या बागेत लटकवल्यात. तुझी कुठली ते मी कसं सांगू?"

"बारकी हाय. सापडंल."

सूर्य डोक्यावर आला होता. शकुबाई वाकून मांडवाखाली शिरल्या. वर हिरवं छत, खाली घोसांचा गारवा, आणि ओळीच्या टोकापर्यंत तारेला टांगलेल्या चकत्या. वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. चकत्या मात्र फिरत होत्या, सावकाश, आपापल्या दोऱ्यावर, कधी ही बाजू तर कधी ती. प्रत्येकीत त्यांना आपला चेहरा दिसे, नाकाच्या जागी भोक पडलेला, आणि खांद्यामागे कुणीतरी उभं असल्यासारखी अंधारी हिरवळ. त्या दोनदा मागे वळल्या. मागे नुसती द्राक्षं होती. मैना नाही, बुलबुल नाही, कुठलं पाखरू त्या उजेडाच्या जवळपास नव्हतं. झुंबरचा उपाय लागू पडला होता.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर त्या थबकल्या. तिथे एक बारकी चकती होती, आणि ती फिरत नव्हती. तिच्या वर, लोखंडी अँगलवर, कावळा बसला होता. पायाशी उजेड नाचत असताना तो बिचकत नव्हता. मान तिरकी करून शकुबाईंकडे बघत होता, चाल सुचत नसली की तात्या बघायचे तसा.

शकुबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "घेते," त्या म्हणाल्या. "जरा दम काढा. दुपारच्या गाडीनं जाते."

पलीकडच्या ओळीतून झुंबरचा आवाज आला, "कुणाशी बोलती गं?" मग तो वाकून आला, त्याने अँगलकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. शकुबाईंनी दोरा दाताने तोडला. कावळा त्यांच्या हाताजवळ असूनही उडाला नाही. त्या बागेबाहेर पडल्यावरच कुठे मागे पंखांचा आवाज झाला.

घरी पोचल्या तेव्हा लोडशेडिंग होतं. राज पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता आणि अंबूबाई साखर मागायला म्हणून येऊन बसल्या होत्या. ऊन भिंतीवरून कलायला लागलं तरी वीज येईना. शकुबाईंनी मऊ सुती पातळाच्या तुकड्याने सीडी पुसली, पुन्हा पुसली. तिच्यावर उन्हाने बारीक जाळी धरली होती. शेवटी पंखा एकदम गरगरला आणि सगळे जिन्याखाली धावले.

कॉम्प्युटरने ती बारकी चकती तोंडात घेतली आणि घशात काहीतरी अडकल्यासारखा घुरघुरत राहिला. थांबला. पुन्हा घुरघुरला. राजने मनातल्या मनात कुठल्या तरी देवाला काहीतरी कबूल केलं असावं, कारण पडद्यावरची हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. पिवळं प्रश्नचिन्ह गेलं. कोपऱ्यात चित्र उमटलं. आजूबाजूच्या वायरलेसची यादी आली, तिच्यात एकच नाव होतं. पुढच्या खोलीत फोनच्या लाइनीला जोडलेल्या इंटरनेटच्या डबीला तात्यांनी स्वतःचंच नाव दिलेलं.

"तात्या," राजने वाचलं. "सिग्नलच्या सगळ्या काड्या हिरव्या. म्हणजे अगदी जवळ..." अंबूबाई साखर न घेताच घरी गेल्या.

पट उघडला. राजने इकडेतिकडे शोधून त्या दोन चालींचा उलगडाही काढला. समोरच्याने अमुक खेळलं तर माझ्या बाजूने तमुक खेळा, असं आधी सांगून ठेवायची सोय त्या वेबसाइटवर होती. तात्यांनी ती वापरली होती. "बघा मामी, काही नाही, सेटिंग होतं," तो मोठ्याने हसून म्हणाला. मग पुन्हा वाचू लागला आणि त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. सांगून ठेवलेली चाल एकच दिसत होती. पटावर दोन झाल्या होत्या. "कुठेतरी पुसली गेली असेल," तो म्हणाला आणि ते पान बंद केलं.

शकुबाई तात्यांच्या खुर्चीत बसल्या. खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. डाव तात्यांच्या बाजूने चांगला होता, इतका चांगला की राजलाही दिसला. "मामी, घोडा इथे. मग वजीर. संपला तो."

शकुबाईंनी पटावरचा राजा एक घर मागे घेतला.

"मामी, अहो."

समोरचा जणू वाट बघत बसलेला होता. लगेच त्याची चाल आली. शकुबाईंनी उंट देऊन टाकला. राजने डोक्याला हात लावला. पुन्हा लगेच चाल आली. दोघांनी असं भराभर खेळून घेतलं, जिन्याखाली फक्त बटणाचा टकटक आवाज होता, आणि सूर्य समोरच्या घरामागे टेकतो न टेकतो तोच तात्यांच्या राजाला शह लागला आणि पळायला घर उरलं नाही. डाव संपल्याची पाटी आली. खोलीत शेवंतीचा वास होता. राज म्हणतो की त्या क्षणी वास एकदम कमी झाला, पण राजचं काय, तो घाबरलेला होता.

शकुबाईंनी कॉम्प्युटर बंद केला आणि खुर्ची टेबलाशी नीट लावली.

"मामी, तात्यांचा जिंकलेला डाव होता. हातात होता. मुद्दाम का घालवलात?"

शकुबाई म्हणाल्या, "जिंकले की ते उठायचे नाय, लगेच दुसरा मांडायचे. हरले की मुकाट्यानं झोपायचे."