चारशे तीसवरचं टेंगूळ

स्क्रीनवर चारशे तीसला टेंगूळ आलं होतं आणि आमचे साहेब, दामले सर, माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"हे काय?" सर म्हणाले.

"सर, टेंगूळ."

"ते दिसतंय मला. का आलं?"

आमची कंपनी इंजेक्शनात जाणारं एक प्रोटीन बनवते. मी क्यूसीत, म्हणजे माल पास की नापास ते बघणारा. प्रोटीनवर यूव्ही प्रकाश टाकला की ते स्वतः थोडं चमकतं. डोळ्याला दिसत नाही, फ्लुओरोमीटर नावाच्या मशीनला दिसतं. चांगल्या प्रोटीनचा ग्राफ साडेतीनशे नॅनोमीटरच्या आसपास एकच डोंगर काढतो. हवेनं किंवा उजेडानं ते बिघडलं, तर पुढे चारशेच्या वर आणखी एक उंचवटा येतो. म्हणजे आमच्या भाषेत बॅच गेली.

"परत कर," सर म्हणाले.

तीनदा केलं, दर वेळी नव्या फ्लास्कमध्ये माल पातळ करून. टेंगूळ तिन्ही वेळा आलं, पण एकदा मोठं, एकदा बारीक, एकदा मधलं. तिथे मला शंका आली. बाटली एक, माल एक. बिघडलेला माल एवढा लहरी नसतो.

मग मी एक साधी गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. आम्ही माल पातळ करायला जे पाणी वापरतो त्याला बफर म्हणतात. नुसता बफर आधी मशीनला दाखवायचा, तो ब्लँक. तो मी रोज थेट बाटलीतून घ्यायचो. आज तसल्याच एका फ्लास्कमध्ये ओतून घेतला. प्रोटीनचा थेंब नाही, तरी टेंगूळ हजर.

म्हणजे माल निर्दोष. फ्लास्क चोर.

फ्लास्क यूव्ही कॅबिनेटमध्ये ठेवला, काळा पडदा ओढला. काच आतून निळसर उजळली. आणि शेजारी माझ्या ॲप्रनची बाही, आईनं मंडणगडला धुऊन दिलेली, तीही अगदी तशीच. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक द्रव्य घालतात. ते यूव्ही खातं आणि निळा उजेड टाकतं. काचेला धरून बसतं. म्हणून लॅबचा साबण वेगळा असतो, बिनफेसाचा.

मी वॉशरूमकडे निघालो. काचा धुवायची खोली, तिला आम्ही वॉशरूमच म्हणतो, पाहुणे घोटाळतात. तिथे सुगंधा मावशी. ठेकेदाराची माणूस, पण आठ वर्षं इथेच.

"मावशी, फ्लास्क कशानं धुतलेत?"

"घरची पावडर आनली डबीतना. तुमच्या साबनाला फेस नाय, काय नाय. कशी झाली काच? त्वांड बघ तुजा त्यात."

"पण घरची कशाला आणलीत?"

ती जवळ आली. आवाज बारीक केला. "साहेबांचा फोन आलता मंगळवारी. काचेत चेहरा दिसला पायजे, म्हनले. आठ वर्सांत पयला फोन. घरी पोरीला पन सांगून झाला."



तो फोन मी केला होता. दामले सर केळशीचे. नाकातून बोलतात आणि वाक्याचा शेवटचा शब्द रबरासारखा ताणतात. त्यांचा आवाज मला इतका जमतो की एकदा सिक्युरिटीवाला उभा राहिला होता. मंगळवारी इंटरकॉमवर मावशीला म्हटलं, "सुगंधाबाई, काचेत चेहरा दिसला पाहिजेऽऽ." ती "व्हय साहेब" म्हणाली आणि ठेवला. जाऊन सांगणार होतो की मी होतो. मग जेवायची सुट्टी झाली, आणि राहिलं.

सरांना पावडरीचं सांगितलं. फोनचं नाही. त्यांनी माझ्यासमोरच मावशीला केबिनमध्ये बोलावलं. समोर कॉम्प्युटरवर ठेकेदाराला मेल उघडला होता: बाई बदलून द्या.

"ही पावडर वापरायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मावशीनं सरांकडे पाहिलं. मग पदर नीट केला.

"कोनी नाय. माज्याच मनान."

मला कळायला क्षण लागला. ती सरांनाच सांभाळून घेत होती. तिच्या हिशेबानं फोन त्यांचा, चूक त्यांची, आणि माझ्यासमोर त्यांची शोभा नको.

"सर, फोन मी केला होता," मी म्हणालो. "तुमच्या आवाजात."

सरांनी माउसवरचा हात काढून घेतला.

मावशी मला म्हणाली, "तू होतास व्हय रं?" रागानं नाही. तिला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

"सुगंधाताई," सर म्हणाले, "काच कशी धुवायची ते आम्ही तुम्हाला कधी शिकवलं?"

"कागद दिलात की. विंग्रजीत. सही केली मी."

सरांनी मेल पुसला. मला मेमो दिला, तो अजून फाइलीत आहे. फ्लास्क ॲसिडनं धुतले, टेस्ट परत केली, बॅच पास झाली. रिपोर्टात कारण लिहिलं: ॲनालिस्टची, म्हणजे माझी, चुकीची सूचना आणि अपुरं ट्रेनिंग. दुसरा भाग सरांनी स्वतःच्या नावावर घेतला.

दुसऱ्या दिवशी सर यूव्ही लॅम्प घेऊन वॉशरूममध्ये गेले. तासभर बाहेर आले नाहीत. आता मावशी प्रत्येक फ्लास्क पडद्याआड बघूनच देते, आणि माझे हटकून दोनदा बघते.

ब्लँक मालाच्याच फ्लास्कमधून घ्यावा. आणि चूक झाली की जेवणाआधी सांगावी.